बेरीज शंभरच्या पुढे कशी?

प्रश्न : न्यूझीलंडच्या २०२३च्या जनगणनेत युरोपीय ६७.८, माओरी (तिथले मूळ रहिवासी) १७.८, आशियाई १७.३ आणि पॅसिफिक (प्रशांत महासागरातल्या बेटांचे लोक) ८.९ टक्के. बेरीज १११.८! छपाईची चूक का?

उत्तर : चूक नाही. तिथे वंशगटाच्या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं चालतात. आई सामोअन, वडील माओरी असलेल्या मुलानं दोन्ही लिहिलं, तर ते दोन्ही गटांत धरतात; अर्धं-अर्धं वाटत नाहीत. पॅसिफिक गटाच्या आतही तेच. एकूण ४,४२,६३२ माणसं. त्यांत सामोअन २,१३,०६९, टोंगन ९७,८२४, कुक बेटांचे माओरी (न्यूझीलंडच्या माओरींहून वेगळे) ९४,१७६. यातही काही जण दोनदा आलेले आहेत.

प्रश्न : माझ्या सुनेचं माहेर फिजीतलं, आता सगळे ऑकलंडला. ती पॅसिफिकमध्येच ना?

उत्तर : तिनं काय लिहिलं, त्यावर आहे. ‘फिजियन’ लिहिलं तर पॅसिफिक, ‘फिजियन इंडियन’ लिहिलं तर आशियाई. जन्मस्थळाचा प्रश्न वेगळा असतो. तिचे पूर्वज बहुधा १८७९ ते १९१६ दरम्यान भारतातून फिजीला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेले असतील. (सुताराचं गिरमिट नव्हे, ‘ॲग्रीमेंट’चा अपभ्रंश.) चार पिढ्या पॅसिफिकमध्ये काढूनही तक्त्यात आशियाई, हे मला अजूनही खटकतं.

प्रश्न : बेटांवरचे लोक असे न्यूझीलंडला जात राहिले, तर बेटं ओस पडतील ना?

उत्तर : निउए हे छोटं बेट जवळजवळ ओस पडलंच आहे. न्यूझीलंडमध्ये निउएचे ३४,९४४ लोक, बेटावर दोन हजारही नाहीत. निउए, कुक बेटं आणि टोकेलाऊच्या लोकांना न्यूझीलंडचं नागरिकत्व असतं. सामोआ-टोंगाच्या माणसाला व्हिसा लागतो. पण सगळे बेटांवरून आलेले, असं समजू नका. २०१८मध्येच पॅसिफिक गटातले दोन-तृतीयांश लोक न्यूझीलंडमध्ये जन्मलेले होते. निम्मे लोक पंचविशीच्या आतले आहेत.

प्रश्न : आकडे विश्वासार्ह आहेत का?

उत्तर : २०१८च्या जनगणनेचे जपून वापरा. ऑनलाइनवर भर दिला आणि पॅसिफिक लोकांपैकी फक्त ६५.१ टक्क्यांनी फॉर्म भरला. उरलेली माणसं सरकारी नोंदींतून घेतली. सरकारी कागदाची धास्ती जुनी आहे, असं माझं मत. १९७०च्या दशकात व्हिसा संपलेल्यांना शोधायला पोलीस भल्या पहाटे पॅसिफिक लोकांच्या घरांत शिरत. २०२१मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याबद्दल माफी मागितली, तेव्हा माफी मागण्याच्या सामोअन रिवाजाप्रमाणे त्यांच्या डोक्यावरून चटई पांघरली होती.

प्रश्न : आम्ही मराठी कुठे?

उत्तर : आशियाईत, भारतीय म्हणून. मराठीची नोंद भाषेच्या प्रश्नात होते.