राज्य न्यायालयातील जुनी दोषसिद्धी फेडरल शिक्षेत कशी मोजली जाते

आपल्या परिचितांच्या मुलाला आठ वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका राज्य न्यायालयाने कोकेन विकल्याबद्दल दोषी ठरवून प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडले होते. आता त्याच्यावर फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय, न्यायालयात अमली पदार्थांचाच खटला आहे, तर ते जुने प्रकरण आड येईल का, असे आपण विचारले आहे. काही प्रमाणात येईल, पण कुटुंबाला वाटते तितके बहुधा नाही. एकाच जुन्या निकालात निरनिराळे नियम निरनिराळी गोष्ट पाहतात, म्हणून त्यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

सर्वांत जाचक नियम सक्तीच्या किमान शिक्षेचा आहे. पाच किलो किंवा त्याहून अधिक कोकेनच्या व्यापाराला किमान १० वर्षांची कैद आहे. आधीची एक 'गंभीर' दोषसिद्धी असेल तर ती १५ वर्षे होते आणि दोन असतील तर २५. डिसेंबर २०१८ मधील फर्स्ट स्टेप ॲक्टपूर्वी हेच आकडे २० वर्षे आणि जन्मठेप असे होते, आणि तेव्हा 'गंभीर' असण्याची अटही नव्हती. किरकोळ प्रमाण बाळगल्याच्या जुन्या निकालावरून माणसे आयुष्यभरासाठी आत गेली, हा अन्यायच होता असे माझे स्पष्ट मत आहे. आता त्या जुन्या गुन्ह्याला कायद्यात दहा वर्षे किंवा अधिक कैदेची तरतूद असावी लागते, आरोपीने त्यासाठी बारा महिन्यांहून अधिक काळ प्रत्यक्ष तुरुंगात काढलेला असावा लागतो आणि सुटकेपासून १५ वर्षांच्या आत नवा गुन्हा सुरू झालेला असावा लागतो. केवळ प्रोबेशन भोगलेला मुलगा यात बसत नाही. मात्र पुढे प्रोबेशन रद्द होऊन तो तुरुंगात गेला होता का, हे आवर्जून तपासावे. शिवाय ही वाढ आपोआप लागत नाही. खटला उभा राहण्यापूर्वी किंवा गुन्हा कबूल करण्यापूर्वी सरकारी वकिलाला तशी लेखी नोटीस दाखल करावी लागते, म्हणून वाटाघाटींची खरी वेळ त्याआधीची असते.

बंदूक सापडली असेल, तर तीन जुन्या दोषसिद्धी असणाऱ्यांसाठी किमान १५ वर्षांचा वेगळा कायदा आहे. तिथे प्रत्यक्ष मिळालेली शिक्षा गौण ठरते. त्याऐवजी राज्याच्या कायद्यात त्या गुन्ह्याला कमाल किती कैद होती हे पाहतात आणि निकाल किती जुना आहे याला मर्यादा नाही. एकाच निकालावर तो लागू होणार नाही.

किती शिक्षा द्यावी याची शिफारस करणाऱ्या फेडरल शिक्षा-मार्गदर्शिकेत जुन्या निकालांना गुण दिले जातात, आणि गुण जितके अधिक तितकी शिफारस कडक. तिथे मात्र प्रोबेशनचाही एक गुण धरला जातो, आणि राज्याने ठोठावलेली कैद तेरा महिन्यांहून अधिक असेल तर तीन. विक्रीसारखे दोन जुने निकाल असते तर 'करिअर ऑफेंडर' (सराईत गुन्हेगार) ठरून शिफारस अनेक वर्षांनी वाढली असती. २००५ पासून ही मार्गदर्शिका न्यायाधीशांवर बंधनकारक नाही, तरी शिक्षेचा हिशेब तिथूनच सुरू होतो. एका गुणाच्या निकालामुळे 'सेफ्टी व्हॉल्व्ह'चे दारही बंद होत नाही: हिंसा किंवा शस्त्र नसेल, कोणाला गंभीर इजा झालेली नसेल, तो टोळीचा म्होरक्या नसेल आणि त्याने स्वतःला ठाऊक असलेले सारे सरकारला खरेखरे सांगितले, तर न्यायाधीश सक्तीच्या किमान शिक्षेखालीही जाऊ शकतात.

म्हणून आधी राज्य न्यायालयातून आरोपपत्र, कबुलीची नोंद आणि अंतिम निकाल यांच्या प्रमाणित प्रती मागवा. नेमके कोणते कलम लागले आणि त्या वेळी राज्याची अमली पदार्थांची यादी फेडरल यादीपेक्षा व्यापक होती का, यावर तो निकाल मोजला जाणार की नाही हे ठरू शकते. बंदुकीच्या कायद्यापुरते तरी राज्यातील गुन्हा घडला त्या वेळची फेडरल यादी पाहायची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ब्राउन खटल्यात सांगितले आहे. जुना निकालच चुकीचा होता हा युक्तिवाद, तेव्हा वकीलच मिळाला नव्हता असे नसेल तर, फेडरल न्यायालयात सहसा ऐकला जात नाही. त्यासाठी राज्यातच दाद मागावी लागते, आणि ती मागायची असेल तर फेडरल खटल्यात कबुली देण्याआधी वकिलाशी बोलून घ्यावे.