पाळणी, ढोल आणि शाळेचे स्नेहसंमेलन

सातपुड्यातील आदिवासींच्या होळीच्या नाचाविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेक शाळांना पडत असणार, म्हणून त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात सातवी-आठवीच्या मुलांचा होळीनाच बसवायचे आम्ही ठरवले. पोशाख भाड्याने आणले, गाणे मोबाइलवरून घेतले आणि सरावही सुरू केला. मात्र अक्कलकुवा तालुक्यातून शिकायला आलेल्या एका मुलाचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाकी काहीही नाचवा, पण मोरपिसांचा टोप मुलांच्या डोक्यावर ठेवू नका." ते रागावलेले नव्हते, पण फार गंभीर होते. आम्ही तर त्यांच्या संस्कृतीचा सन्मानच करू पाहत होतो. आमचे चुकले कोठे?

उत्तर : ताई, मजुरीचा एक दिवस बुडवून ते गृहस्थ शाळेपर्यंत आले, यासाठी प्रथम त्यांचे आभार माना. मनातून दुखावलेली माणसे बहुधा गप्प राहतात आणि पुढच्या वर्षी मुलाला कार्यक्रमाच्या दिवशी घरी ठेवून घेतात. त्यांनी तुमच्याशी बोलणे पसंत केले, याचा अर्थ शाळेवर त्यांचा विश्वास आहे.

बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा तो उंच टोप बावा, म्हणजे नवस फेडण्यासाठी होळीत नाचणारा माणूस, घालतो. अंगावर राख आणि पिठाचे ठिपके, कमरेला घुंगरांचा किंवा वाळलेल्या दुधी भोपळ्यांचा पट्टा असे बावांचे रूप आपण छायाचित्रांत पाहतो आणि त्याला पोशाख समजतो. घरातील आजारपण टळावे, पाऊसपाणी व्हावे, गावाचे भले व्हावे अशा कारणांसाठी कुटुंबाने मानता, म्हणजे नवस, घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी त्या घरातील माणूस बावा होतो. त्याआधी आणि त्या दिवसांत त्याला पाळणी पाळावी लागते. तो खाटेवर बसत किंवा झोपत नाही, पायांत चप्पल घालत नाही, ब्रह्मचर्य पाळतो आणि खाण्यापिण्याचे ठरलेले नियम सांभाळतो. गावोगावी या नियमांत थोडाफार फरक आढळतो, पण पाळणीवाचून टोप नाही, ही गोष्ट मी जिथे जिथे गेलो तिथे एकसारखीच ऐकली आहे.

तिचे वजन मात्र मला ऐकून नव्हे, तर एका चुकीतून कळले. बऱ्याच वर्षांपूर्वी मोलगीजवळच्या एका पाड्यावर होळीच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणातल्या खाटेवर बसलो होतो. विशीतला एक मुलगा डोंगर चढून आला. त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या, घोट्याजवळ काटा लागून रक्त सुकले होते. मी सरकून त्याला शेजारी जागा दिली. तो हसला आणि खाली मातीत उकिडवा बसला. मी पुन्हा आग्रह केला, तेव्हा घरातील आजी बाहेर आली आणि काही न बोलता तिने मलाच हाताने खाली बसण्याची खूण केली. मग आम्ही दोघेही जमिनीवर बसलो. दुसऱ्या रात्री तोच मुलगा टोप घालून पहाटेपर्यंत नाचताना दिसला, आणि घोट्याची ती जखम माझ्या लक्षात होती म्हणून त्याच्या प्रत्येक पावलाची किंमत मला कळत होती. तुमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी कदाचित स्वतः असे दिवस काढले असतील. भाड्याच्या दुकानातील टोप कोणत्याही मुलाच्या डोक्यावर बसलेला पाहणे त्यांना जड जाणारच.

त्यांनी नाचालाच नकार दिलेला नाही, हेही लक्षात घ्या. 'बाकी काहीही नाचवा' या शब्दांत त्यांनी तुमच्यासाठी वाट मोकळी ठेवली आहे. होळीभोवतीच्या घेरात गाव नाचते आणि ज्याचे पाय थिरकतात त्याला त्यात जागा असते. बायका एकमेकींच्या कमरेभोवती हात घालून ओळीने उभ्या राहतात, गातात आणि एकाच पावलाने पुढे-मागे होतात. नवखी मुलगी मध्येच शिरली, तर दोन्ही बाजूंच्या हातांनी तिला सावरून घेतले जाते, आणि चार-दोन फेऱ्यांत तिचे पाऊल आपोआप जुळते. या नाचाचे शिकवणे असे होते. मोजून आठ ठोके म्हणणारा शिक्षक तिथे नसतो. ढोल्या ठेका धरतो, थकलेल्याच्या गळ्यातला ढोल दुसरा घेतो, पोरे आधी थाळी वाजवायला शिकतात आणि मग केव्हातरी कोणीतरी त्यांच्या हातात ढोलाची काठी देतो. कोण चांगले नाचते हे गावाला पक्के ठाऊक असते, पण त्याला ओळीच्या पुढे उभे करण्याची पद्धत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. टोप, राख आणि भोपळ्यांचे पट्टे परत करा. घेर ठेवा. मोबाइलवरचे गाणेही काढून टाका, कारण ध्वनिमुद्रित गाणे ठरलेल्या मिनिटाला संपते, तर इथे ढोल नाचणाऱ्यांकडे पाहून चाल बदलतो. त्या गृहस्थांनाच विचारा की शिकवायला कोणाला बोलवावे. जे येतील त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीइतके मानधन द्या, आणि ते देताना आपण उपकार करीत आहोत असा भाव नको. पाहुण्या व्याख्यात्यांना शाळा जे पाकीट देते, तेच यांनाही द्यावे.

एक अडचण मात्र तुमच्या वेळापत्रकात आहे. स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात आणि नेमक्या त्या दिवसांत अक्कलकुवा, धडगाव भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. ज्यांनी शिकवायचे आणि ज्यांनी कौतुकाने पाहायचे, ती माणसे फडात, आणि त्यांचा नाच रंगमंचावर, असे होऊ नये. होळीसाठी ही माणसे कशीही करून घरी परततात. तेव्हा हा नाच संमेलनातून काढून फाल्गुनात, शाळेच्या मैदानावर ठेवता आला तर पाहा. मैदान मी मुद्दाम म्हणतो. मंचावर सर्वांनी प्रेक्षकांकडे तोंड करायचे असते, तर घेरात तोंड एकमेकांकडे आणि आगीकडे असते. मैदानावर पालक चहूबाजूंनी उभे राहतील आणि त्यांतले काही न बोलावता आत शिरतील. त्यांना अडवू नका.

प्रश्न : मी जळगावचा असून छायाचित्रणाची आवड आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची राजवाडी होळी पाहायला जायचे आहे. तिथे छायाचित्रे काढण्यास कोणाची परवानगी लागते?

उत्तर : काठीची होळी १२४६ सालापासून चालत आल्याचे सांगितले जाते. तिथे हजारो लोक येतात आणि कॅमेरा पाहून कोणी दचकत नाही. तरीही गावच्या कारभाऱ्यांना भेटून, आपण कोण आणि कोठून आलो हे सांगावे. बावांना थांबवून 'पुन्हा एकदा तसे करा' असे म्हणू नये, टोपाला वा भोपळ्यांना हात लावू नये आणि पहाटे दमून जमिनीवर झोपलेल्या बायकामुलांची छायाचित्रे घेऊ नयेत. रात्री उशिरा पोहोचून होळी पेटताच परत फिरणारे पुष्कळ असतात. तुम्ही संध्याकाळीच पोहोचा. वेगवेगळ्या पाड्यांवरून ढोल वाजवत येणारे जथे एकामागून एक दाखल होतात, तो वेळ मला तरी सर्वांत जास्त आवडतो. जमल्यास नंतरच्या दिवसांतील लहान गावांच्या होळ्यांनाही जा. सातपुड्यात सर्व गावे एकाच दिवशी होळी पेटवत नाहीत, त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या घेरात नाचायला जाऊ शकतात.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील असून चाकणला कंपनीत कामाला आहे. आमच्या घराची पाच वर्षांची मानता आहे. तीन वर्षे मी बावा झालो. यंदा सुपरवायझर दोनच दिवस रजा देतो म्हणतो. दोन दिवसांत पाळणी होणार नाही. गावातले मित्र म्हणतात, कोणाला काय कळते, सरळ येऊन टोप घाल. माझे मन तयार होत नाही. काय करावे?

उत्तर : दादा, मन तयार होत नाही ना, मग घालू नका. मित्रांचे बोलणे मायेपोटीच असेल, तुम्ही घेरात हवे आहात म्हणून ते तसे म्हणत असतील. पण इतरांना कळते की नाही, हा प्रश्नच नाही. तीन वर्षे अनवाणी राहून जे तुम्ही जपले, त्याचे मोल तुम्हाला ठाऊक आहे.

मानतेचे वर्ष पुढे ढकलता येते का, की भावाने किंवा चुलतभावाने यंदा पाळणी धरली तर ती घराची म्हणून चालते, हे मी सांगणे योग्य होणार नाही. तो निर्णय तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचा आणि गावच्या पुजाऱ्याचा आहे. एवढे मात्र नक्की की कामासाठी घराबाहेर पडणारे तुम्ही पहिले नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हा पेच तुमच्याआधी कितीदा सोडवला असेल, आणि तुमच्याच पाड्यावर तसे कोणी ना कोणी असेल. त्यांना विचारा.

रजेबाबतही आताच बोला. होळीच्या आठवड्यात मागितलेली रजा आणि तीन महिने आधी लेखी मागितलेली रजा यांत फरक पडतो. दिवाळीत किंवा गणपतीत गावी जाणाऱ्या सहकाऱ्यांच्या पाळ्या तुम्ही सांभाळल्या असतील, तर त्यांना तसे सांगा आणि होळीत तुमच्या पाळ्या घ्यायला सांगा. 'आमचा मोठा सण आहे' असे मोघम सांगण्यापेक्षा मानता, पाळणी आणि दिवस यांचा हिशेब सुपरवायझरला नीट समजावून द्या.

आणि एवढे करूनही दोनच दिवस मिळाले, तर टोप नसला तरी घरी जा. बावा नसलेल्या माणसालाही घेरात जागा आहे. ढोल वाहून न्यायला, मध्यरात्री तो दुसऱ्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घ्यायला आणि यंदा तुमच्या घरातून जो पाळणी धरेल त्याच्या सोबत रात्रभर राहायला माणूस लागतोच.