‘द मन्स्टर्स’ ही साठ वर्षांपूर्वीची मालिका लोक अजून का पाहतात? ‘वेन्सडे’ पाहून झाल्यावर ती पाहायची तर कुठून सुरुवात करू?

आधी एक घोळ निस्तरू. ‘वेन्सडे’ हे ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’चं अपत्य, ‘द मन्स्टर्स’चं नव्हे. गल्लत होणं साहजिक आहे, कारण दोन्ही मालिका सहा दिवसांच्या अंतराने सुरू झाल्या: ‘अ‍ॅडम्स’ १८ सप्टेंबर १९६४ ला एबीसी या अमेरिकन वाहिनीवर, ‘मन्स्टर्स’ २४ ला तिची स्पर्धक सीबीएसवर. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही दोनच सीझन चालल्या आणि १९६६ च्या वसंतात दोघींचाही गाशा गुंडाळला गेला. फरक मात्र मोठा आहे. अ‍ॅडम्स मंडळी चार्ल्स अ‍ॅडम्सच्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातल्या व्यंगचित्रांतून आलेली, गडगंज, विक्षिप्त, पण बहुतेक माणसंच. मन्स्टर्सकडे खराखुरा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आहे, घरचा कर्ता हर्मन, आणि तो रोज सकाळी डबा घेऊन कामावर जातो. नोकरी ‘गेटमन, गुडबरी अँड ग्रेव्ह्ज’ या अंत्यविधी करणाऱ्या कंपनीत.

मालिका टिकली ती त्या डब्यामुळे, असं माझं मत.

निर्माते जो कॉनली आणि बॉब मोशर यांनी त्याआधी ‘लीव्ह इट टू बीव्हर’ केली होती. अमेरिकन उपनगरातलं नीटनेटकं कुटुंब, मुलाची शाळेत झालेली भांडणं, संध्याकाळी वडिलांचा उपदेश, हा साचा त्यांना पाठ होता. त्यांनी तो तसाच उचलला, एक खिळाही हलवला नाही, आणि आत माणसं तेवढी बदलली. पहिल्या सीझनची सुरुवातीची शीर्षकदृश्यंसुद्धा ‘द डॉना रीड शो’ या कौटुंबिक मालिकेच्या शीर्षकदृश्यांची नक्कल आहेत: दारात उभी राहून घरच्यांना निरोप देणारी आदर्श गृहिणी, फक्त ती इथे व्हँपायर. विनोद राक्षसांवर नाहीच, त्या साच्यावर आहे. म्हणून भुताखेतांची भीती उतरली तरी हसू उतरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण वेगळे आहोत याची या घरात कोणाला शंकाच येत नाही. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण यांच्याइतकी मनापासून कोणी जगलेलं नसेल. मॅरिलिनचा प्रसंग बारकाईने पाहा, म्हणजे यंत्र कसं चालतं ते कळेल. मॅरिलिन ही भाची, सोनेरी केसांची, चारचौघींत उठून दिसणारी. एखादा मुलगा तिला घरी सोडायला येतो. हर्मन दार उघडतो, हसून स्वागत करतो. मुलगा जागेवर थिजतो आणि धूम ठोकतो. इथे फिल्मचा वेग वाढवलेला असतो, त्यामुळे पळणं अगदी मूकपटातलं वाटतं. मग हर्मन आणि त्याची बायको लिली एकमेकांकडे पाहून उसासा टाकतात: बिचारीचं रूपच असं, पोरं टिकणार कशी! या तीन पायऱ्यांत एकही पात्र प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारत नाही. हर्मनने जाणूनबुजून एकदा जरी कोणाला घाबरवलं असतं, तर सगळा डोलारा कोसळला असता.

लिली धूळ झटकत नाही, पसरवते. मुलगा एडी कपाटाच्या खणात झोपतो, जिन्याखाली स्पॉट नावाचा आग ओकणारा प्राणी पाळलेला आहे, आणि तरी घरातल्या कटकटी तुमच्या-माझ्यासारख्याच: पगार, शेजारी, मुलाचा अभ्यास, लुडबुड करणारे सासरे.

आता नटांबद्दल, कारण निम्मं श्रेय त्यांचं. हर्मन झालेला फ्रेड ग्विन मुळात सहा फूट पाच इंच. त्यावर उंच तळाचे बूट, अंगात फोमचं पॅडिंग आणि रोज सुमारे दोन तासांचा मेकअप. दिव्यांच्या उष्णतेत त्या पोशाखात त्याचं वजन घटलं होतं. एवढ्या अवजड साजातून त्याने उभा केला तो एक मोठ्ठा लहान मुलगा: रुसला की पाय आपटतो आणि घर हादरतं. ग्रँडपा, म्हणजे लिलीचा बाप, झालेला अल लुईस त्याचा जुना जोडीदार, दोघं आधी ‘कार ५४, व्हेअर आर यू?’ या मालिकेत एकत्र होते. त्यामुळे त्यांच्या तोंडातोंडीला रियाझाची लय आहे. लिली म्हणजे यव्होन डी कार्लो, ‘टेन कमांडमेंट्स’मधली मोझेसची बायको. गंमत अशी की तिच्या बापाचं काम करणारा लुईस प्रत्यक्षात तिच्याहून काही महिन्यांनी लहान होता.

हर्मनचा चेहरा ओळखीचा वाटतो त्यालाही कारण आहे. सपाट डोकं आणि मानेतले बोल्ट हे रूप युनिव्हर्सल स्टुडिओच्या १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटासाठी मेकअपमन जॅक पिअर्सने घडवलं. मालिका युनिव्हर्सलचीच, म्हणून ते बिनदिक्कत वापरता आलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर वकिलाची नोटीस आली असती.

पहिल्या वर्षी मालिका अमेरिकेत १८ व्या क्रमांकावर होती, ‘अ‍ॅडम्स’ २३ व्या. मग बंद का पडली? जानेवारी १९६६ मध्ये एबीसीने रंगीत ‘बॅटमॅन’ आणला, गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे नेमका मन्स्टर्सच्या वेळेवर. पोरं तिकडे वळली. त्यात पुढच्या हंगामापासून सगळंच रंगीत होऊ घातलेलं. पण ७० भाग तयार होते, आणि पुनःप्रक्षेपणासाठी तेवढे पुरले. रोज शाळेतून आल्यावर हेच भाग फिरून फिरून पाहत पुढच्या पिढ्या वाढल्या.

नव्याने करायचे प्रयत्न मात्र फसत आले, आणि कुठे फसले ते पाहिलं की मूळचं काय चाललं होतं ते उलट बाजूने समजतं. ‘द मन्स्टर्स टुडे’ (१९८८ ते ९१) ७२ भाग चालली, मुळापेक्षा दोन जास्त. पण रंगीत उजेडात मेकअप मेकअपच दिसतो. कृष्णधवलमध्ये कोळिष्टकं, कपडे, चेहरे सगळं एकाच करड्या छटेत मिसळून जातं. त्या काळी रंग निवडायचे तेच मुळी पडद्यावर करडे कसे उतरतील ते पाहून. ‘अ‍ॅडम्स’च्या दिवाणखान्याचा सेट प्रत्यक्षात चक्क गुलाबी होता. २०१२ च्या ‘मॉकिंगबर्ड लेन’ने हर्मनला जवळजवळ माणसासारखाच चेहरा दिला. मग शेजाऱ्यांनी पळायचं कशाला? तो एकच भाग प्रसारित झाला. रॉब झोंबीच्या २०२२ च्या चित्रपटात हर्मन आणि लिलीचं प्रेम कसं जमलं ते आहे, आणि बराचसा काळ ट्रान्सिल्व्हेनियात जातो. जिथे सगळेच भूत, तिथे ही मंडळी वेगळी दिसणार कुणाच्या शेजारी? उपनगर काढून घेतलं की साचाच गेला.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या भागापासून ओळीने पाहू नका. प्रत्येक भाग सुमारे २५ मिनिटांचा आणि स्वतंत्र आहे, मागचं काही आठवावं लागत नाही. आधी ‘फॅमिली पोर्ट्रेट’ पाहा: एका मासिकाला ‘सरासरी अमेरिकन कुटुंब’ म्हणून नेमकं हेच घर सापडतं. मग ‘हॉट रॉड हर्मन’: हर्मन शर्यतीत घरची गाडी हरतो आणि ग्रँडपा शवपेटीची गाडी बनवतो. दोन्ही गाड्या जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यातल्या, आणि ती शवपेटी-गाडी आजही मालिका न पाहिलेल्यांना ठाऊक असते. तिसरा ‘जस्ट अनदर प्रिटी फेस’: वीज अंगावर पडून हर्मनचा चेहरा माणसासारखा होतो आणि घरच्यांना त्याच्याकडे बघवत नाही. इथे ग्विनचा खरा चेहरा दिसतो. चौथा ‘एडीज निकनेम’, ज्यातला हर्मनचा उपदेश २०२० मध्ये समाजमाध्यमांवर पुन्हा फिरला: माणूस दिसतो कसा, रंग कोणता, याने काही फरक पडत नाही, मन मोठं हवं. त्यातही तो स्वतःची गणना देखण्यांत करून मोकळा होतो. हे चार आवडले तर बाकीचे कुठूनही उचला. पहिल्या १३ भागांत मॅरिलिन बेव्हर्ली ओवेन आहे, नंतर पॅट प्रीस्ट, एवढंच लक्षात ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही. नाही आवडले तर पुढे हट्ट करू नका, सगळे भाग याच मसाल्याचे आहेत.

पाहताना टीव्हीची दोन बटणं सांभाळा. चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ च ठेवा, बाजूला काळे पट्टे येऊ द्या. ताणून पूर्ण पडदा भरला की हर्मन उंचऐवजी बुटका-जाड दिसतो आणि त्याच्या आकारावरचे विनोद फुकट जातात. ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) किंवा त्या नावाची जी काही सेटिंग असेल ती बंद करा, नाहीतर वेग वाढवलेली ती पळापळ विचित्र दिसते. ‘फॅमिली पोर्ट्रेट’ची नंतर रंग भरलेली आवृत्तीही आहे, ती टाळा.

मालिका मंजूर होण्याआधीचा एक चाचणी भाग मात्र मुळातच रंगीत आहे, सुमारे १६ मिनिटांचा. तो सगळ्यात शेवटी पाहा. त्यात लिली नाही, तिच्या जागी जोन मार्शलची फीबी आहे, आणि एडीही दुसराच.