ताई, या वयात प्रोग्रामिंग शिकू का?

प्रश्न: ताई, मी डिचोलीचा, वय ३६. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर आणि नेटवर्क गेली १२ वर्षे सांभाळतो. १४० कॉम्प्युटर आणि ११ सर्व्हर आहेत, काही विंडोज, काही लिनक्स. दर महिन्याला एचआरकडून ३०-४० नव्या प्रशिक्षणार्थींची एक्सेल यादी येते, त्यांची खाती हाताने उघडण्यातच दोन दिवस जातात. प्रोग्रामिंगशी माझा संबंध कॉलेजातल्या टर्बो सीपुरता. आता नवीन लागलेला मुलगा सगळे पायथनने करतो आणि साहेब मला विचारतात, तुम्ही कधी शिकणार? मला डेव्हलपर व्हायचे नाही. शिवाय एआयला सांगितले की स्क्रिप्ट आयती मिळते. मग शिकून खरेच फायदा आहे का? आणि शिकायचेच तर कुठली भाषा?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: भाऊ, शिका. पण साहेबांनी विचारले म्हणून नको, आणि त्या मुलाशी बरोबरी करायला तर मुळीच नको. रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वोच्च, अधिकाराने तुम्ही रोज ज्या ओळी चालवता, त्या तुम्हाला वाचता आल्या पाहिजेत. एवढ्यासाठी शिका. मी हे इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे माझ्या नोकरीतली एक चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आहे.

तेव्हा मी एका कंपनीत एकटीच सिस्टम ॲडमिन होते. रात्री २ वाजता डेटाबेसचा बॅकअप घेणारी एक स्क्रिप्ट मी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत, लावली होती. तिच्यातली मुख्य ओळ दुसऱ्या कुणाची, जशीच्या तशी उचललेली. मायएसक्यूएलडम्प डेटाबेसची प्रत काढतो, पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेला देणाऱ्या जोडणीतून, ती जीझिपकडे जाते, जीझिप ती दाबून फाइलीत ठेवतो. सकाळी लॉगमध्ये 'बॅकअप यशस्वी' दिसले की मी निर्धास्त. दोन वर्षे असेच चालले. मग ऑडिटवाल्यांच्या सांगण्यावरून मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, आणि स्क्रिप्टमधला बदलायचा राहून गेला.

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याला घरी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, सुपारीचे घड बांधत होते, तेव्हा फोन आला की सर्व्हरची डिस्क गेली. हातातले तसेच जावेकडे देऊन निघाले. बॅकअपच्या फोल्डरात पासवर्ड बदलल्यानंतरच्या ११ रात्रींच्या ११ फाइली होत्या. नावे बरोबर, तारखा बरोबर. आकार मात्र प्रत्येकीचा २० बाइट. पाइपमधून काहीच आले नाही तरी जीझिप २० बाइटची फाइल तयार करतो, हे मला त्या संध्याकाळी कळले. आणि पाइपने जोडलेल्या आज्ञांत बॅश, म्हणजे लिनक्सवर त्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, शेवटच्या आज्ञेचा निकाल धरतो, हेही. मायएसक्यूएलडम्प रोज रात्री 'प्रवेश नाकारला' म्हणून थांबत होता. जीझिपचे काहीच बिघडले नव्हते, म्हणून निकाल शून्य, म्हणजे यशस्वी. चूक झाल्याचा संदेश रूटच्या मेलमध्ये रोज येऊन पडत होता. तो मेल मी कधी उघडलाच नव्हता.

११ दिवसांची बिले अकाउंट्समधल्या दोघींनी चलनांच्या कागदांवरून पुन्हा भरली, चवथीची रजा सोडून. एकीच्या घरी त्या वर्षी नव्या सुनेची पहिली चवथ होती. स्क्रिप्टच्या वर 'सेट -ओ पाइपफेल', म्हणजे मधली एखादी आज्ञा फसली तरी सगळे फसले असे धर, एवढी एक ओळ असती, तर पहिल्याच रात्री ती 'अयशस्वी' म्हणाली असती.

म्हणून एआयबद्दलचे तुमचे म्हणणे मला पटत नाही. मला ती ओळ माणसाकडून मिळाली, तुम्हाला यंत्राकडून मिळेल. चालवणारे आणि जबाबदार दोन्हीकडे आपणच. एआयकडून स्क्रिप्ट जरूर घ्या, मीही घेते. पण मधली एखादी आज्ञा फसली तर पुढची थांबते की तशीच चालते? ज्या व्हेरिएबलमध्ये फोल्डरचे नाव असायला हवे तो रिकामा निघाला, तर खोडण्याची आज्ञा कुठे जाऊन लागेल? हे प्रश्न भाषा आल्याशिवाय सुचतच नाहीत.

आता भाषा कुठली. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते प्रशिक्षणार्थींच्या यादीचे वाक्य. दर महिन्याचे दोन दिवस त्यात जातात ना, मग तिथूनच सुरू करा, आणि ते काम विंडोजचे आहे म्हणून पॉवरशेलने करा. मायक्रोसॉफ्टने ती २००६ साली आणली ती मुळात ॲडमिनच्या कामांसाठीच. यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, करून घ्या, इम्पोर्ट-सीएसव्हीने वाचा, न्यू-एडीयूझरने खाते उघडा. पहिली आवृत्ती चार-पाच ओळींत होईल आणि पहिल्याच यादीवर अडखळेल, कारण यादी गोव्याची आहे. तिच्यात एस. नाईक चार आणि एम. फर्नांडिस तीन. दुसऱ्या नाईकाला कुठले लॉगिन द्यायचे हे हाताने करताना तुम्ही सहज ठरवत होता, आता ते नियमात बसवावे लागेल. डिसोझाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डीनंतर अपॉस्ट्रॉफी येते. खाते आधीपासून आहे का हे शोधताना नाव त्याच चिन्हात गुंडाळले असेल, तर पॉवरशेलला वाटते नाव तिथेच संपले. बाकी सगळे पार पडतात आणि डिसोझा मागे राहतो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव जोडून लॉगिन करत असाल, तर विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या लॉगिनला २० अक्षरांची मर्यादा आहे, तीही आड येईल.

या तीन अडचणी सोडवल्यात की अट, लूप, मजकूर हाताळणे आणि चूक पकडणे, एवढे तुम्हाला आलेले असेल. टर्बो सीमध्ये फिबोनाचीची मालिका छापताना ते डोक्यात शिरले नाही, कारण त्या मालिकेशी आपले काही देणेघेणे नव्हते. नाईकाच्या खात्याशी आहे. आणि हो, आज्ञेच्या शेवटी '-व्हॉटइफ' लावायला विसरू नका. ती काय करणार ते फक्त सांगते, करत काही नाही. ते सगळे वाचून पटले की मगच खरी चालवा.

लिनक्सकडे बॅश तुम्ही वापरताच, ती आधी नीट शिका. स्क्रिप्ट शंभरेक ओळींच्या पुढे गेली, किंवा कुठल्या सेवेकडून जेसन नावाच्या मजकुरी साच्यात आलेली माहिती वाचायची वेळ आली, की पायथनकडे वळा. अनेक सर्व्हरची कामे एकदम करणारे ॲन्सिबल तुम्ही पुढेमागे वापरालच. ते पायथनमध्येच लिहिलेले आहे आणि त्यातले एखादे मॉड्यूल कोसळले की पडद्यावर पायथनचाच ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून कुठे पोचली त्याची यादी, येतो. घाबरू नका, तो खालून वाचायला घ्यायचा. नेमकी चूक शेवटच्या ओळीत असते.

हे सगळे आताच करा म्हणते त्याला कॅलेंडरचेही कारण आहे. वेबसाइट खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रांची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ३९८ दिवस असायची. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. पूर्वी वर्षातून एकदा हाताने बदलायचात ते प्रमाणपत्र मग वर्षातून आठ वेळा बदलावे लागेल, आणि तेही प्रत्येक सर्व्हरवर. हाताने करणाऱ्याचे एखादे राहणारच, आणि ते नेमके रविवारी संपेल.

त्या मुलाबद्दल एक सांगते. त्याला पायथन येते. पण जूनमध्ये वीज कडाडली की कुठल्या शेडमधला स्विच आधी जातो, खाऱ्या हवेने कुठल्या कनेक्टरच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, यूपीएसची बॅटरी किती मिनिटे खरोखर टिकते, हे तुम्हाला येते. स्क्रिप्टमध्ये कशाची तपासणी घालायची हे त्या माहितीवरूनच ठरते, नाहीतर ती माझ्या बॅकअपसारखी रोज 'यशस्वी' म्हणत राहते. त्याच्या शेजारी बसा. त्याने तुम्हाला भाषा दाखवावी, तुम्ही त्याला रॅक दाखवा. तो वयाने लहान आहे म्हणून विचारायला संकोचू नका.

वयाचे म्हणाल तर पायथन मी ४१ व्या वर्षी शिकले. फोंडा-पणजी कदंबा बसमध्ये सकाळी वाचायचे, आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तेवढेच करून बघायचे. क्लास लावला नाही. पायथनच्या संकेतस्थळावरचे ट्युटोरियल फुकट आहे. पॉवरशेलमध्ये तर 'गेट-हेल्प'पुढे आज्ञेचे नाव लिहिले की मदत तिथेच उघडते, आणि 'अपडेट-हेल्प' एकदा चालवून ठेवले की उदाहरणेही मिळतात. रोजची ३० मिनिटे धरलीत तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याची यादी तुमची स्क्रिप्ट उचलेल.

आणि आज कामावरून निघण्याआधी बॅकअपच्या फोल्डरात जाऊन फाइलींचा आकार तेवढा बघून घ्या.