वैधता, सप्रमाणता की यथार्थता?

प्रश्न असा आहे: रुग्णालयात वापरायच्या चिंता व नैराश्य प्रश्नावलीच्या तुर्की रूपांतरावर एक शोधनिबंध आहे. त्याचा मराठी सारांश करताना ‘व्हॅलिडिटी’ या इंग्रजी शब्दासाठी ‘वैधता’ घेऊन ‘प्रश्नावलीच्या वैधतेची चाचणी’ असं लिहिलेलं चालेल का?

चालेल, पण मी टाळेन. ‘वैध’ म्हटलं की आपल्याला परवाना आठवतो आणि ‘अवैध’ म्हटलं की वाळूउपसा. बी.एड.च्या पुस्तकांत ‘सप्रमाणता’ भेटते. तिला कायद्याचा वास नाही, पण सप्रमाण म्हणजे पुराव्यानिशी, ही सवय मोडत नाही. माझं मत ‘यथार्थते’ला. प्रश्नावली जे मोजते म्हणते तेच मोजते का, एवढाच इथे सवाल आहे. जोडीची ‘विश्वसनीयता’ वेगळी. तागडीला पासंग असला तर ती रोज तेवढंच खोटं वजन दाखवते. म्हणजे विश्वसनीय आहे, यथार्थ नाही.

तुर्कीत यथार्थतेला ‘गेचेर्लिक’ म्हणतात आणि मुदत न संपलेल्या पासपोर्टालाही ‘गेचेर्ली’च. त्यामुळे माझा आक्षेप तुर्कांना मुळीच पटणार नाही!

असो. मूळ प्रश्नावली झिगमंड आणि स्नेथ यांची, १९८३ सालची. प्रश्न १४, सात चिंतेचे नि सात नैराश्याचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण. झोप, भूक यांबद्दल ती विचारत नाही, कारण दवाखान्यात पडलेल्या माणसाची झोप आजारानंही उडालेली असते. तुर्की रूपांतराची पडताळणी ओमेर आयदेमीर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांचा आपसातला मेळ, चिंतेसाठी ०.८५ आणि नैराश्यासाठी ०.७८ च्या आसपास निघाला. ही झाली विश्वसनीयता. खरी मेख उंबरठ्यात, म्हणजे किती गुणांच्या पुढे त्रास आहे असं धरायचं, त्यात आहे. मुळात दोन्ही भागांना एकच माप होतं: ८ ते १० शंकास्पद, ११ पासून पुढे निश्चित. तुर्कीत चिंतेचा उंबरठा १० वर आणि नैराश्याचा ७ वर ठरला. नुसतं भाषांतर करून जुनेच आकडे वापरले असते, तर नैराश्याचे ८ ते १० गुणवाले तिथे शंकास्पदच राहिले असते.

एका इंग्रजी प्रश्नात भीतीनं पोटात फुलपाखरं उडतात. तुर्की रूपांतरात फुलपाखरू नाहीच. तिथे ‘इचिम पर पर’, म्हणजे आत काहीतरी फडफडतंय. मराठीत हे करायचं झालं तर मी ‘पोटात गोळा येतो’ घेईन. फुलपाखरं ठेवली तर रुग्ण हसेल, आणि हसू येतं का हा प्रश्न नैराश्याच्या भागात आहे.

त्या भागावरून आठवलं: ‘नैराश्य’ शीर्षकात खुशाल ठेवा, रुळलेला शब्द आहे. पण कुठल्याही प्रश्नात ‘निराश वाटतं का?’ असं घालू नका. निकाल मनासारखा लागला नाही तरी आपण निराश होतो. इथला रोख आनंद आटण्यावर आहे: पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का, स्वतःच्या दिसण्याकडे लक्ष राहिलंय का. ‘कशातच मन रमत नाही’ हे त्याच्या जास्त जवळचं मराठी.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘रुग्णालयीन चिंता व नैराश्य प्रश्नावलीच्या तुर्की रूपांतराची यथार्थता आणि विश्वसनीयता तपासली.’ पहिल्यांदा ‘यथार्थता’ येईल तिथे कंसात ‘वैधता’ टाकलीत तरी हरकत नाही.