ओबी सोडू नकोस, आधी लाइनवर उभी राहून बघ

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज निवांत लिहितेय. ओबी, म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेवियर, कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात त्याचा विषय, म्हणजे नुसता कॉमन सेन्स, थिअरी एक्स (माणूस मुळात कामचुकार), थिअरी वाय (माणसाला काम करायला आवडतं), मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा त्रिकोण, पाठ करा आणि पेपरात उतरवा, त्यापेक्षा फायनान्स घेतलं असतं तर बरं, असं तू म्हणतेस. तुझी चिडचिड कळते मला. तो त्रिकोण तर मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात नाहीच आहे, नंतरच्या लोकांनी काढला, आणि आपण तोच घोकत बसतो. हॉथॉर्नचंही तसंच, शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग झाले आणि नोट्समध्ये एका ओळीत येतं की उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, पण २०११ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे शोधून परत तपासले तेव्हा चित्र इतकं सरळ दिसलं नाही. वर्गात विचार हे, बिनधास्त विचार.

मला स्वतःला हा विषय पटला तो अहमदाबादमुळे. १९५३ साली कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानवी संबंधांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे संशोधक ए. के. राइस आले होते. नवे ऑटोमॅटिक माग बसवले होते तरी उत्पादन म्हणावं तसं वाढेना आणि कापडही खराब निघत होतं. शेडमध्ये विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा, अशी बारा प्रकारची कामं आणि अमुक माग नीट चालला पाहिजे ही जबाबदारी धड कोणाचीच नाही. मग ठरलं की ठराविक माग एका छोट्या गटाकडे द्यायचे, सगळी कामं त्यांनी आपसात वाटून घ्यायची, आणि ही कल्पना कामगारांनी इतकी उचलून धरली की गट त्यांनीच बनवले. सुरुवातीला चढउतार झाले पण नंतर उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माणसं तीच होती गं, मागही तेच.

हे वाचलेलं असूनही मी चाकणला एका कंपनीत होते तेव्हा चुकलेच. शिफ्ट बदलताना पहिल्या शिफ्टचे ऑपरेटर मशीनच्या तक्रारी रजिस्टरमध्ये लिहीत नाहीत, दुसऱ्या शिफ्टला काही कळत नाही, त्यांना कम्युनिकेशन स्किल्सचं ट्रेनिंग द्या असं मला सांगितलं आणि मी त्यांना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं पण, सर्टिफिकेटंसुद्धा वाटली. काही फरक नाही. मग एक दिवस साडेतीनला लाइनवर जाऊन उभी राहिले. शिफ्ट साडेतीनला सुटते, बस पावणेचारला निघते, मध्ये पंचिंगची रांग, आणि रजिस्टर कुठे तर सुपरवायझरच्या केबिनमध्ये शेडच्या दुसऱ्या टोकाला. एक ऑपरेटर डबा काखेत धरून केबिनकडे चार पावलं गेला, घड्याळ बघितलं आणि परत फिरला. ते बघून मला फार वाईट वाटलं, या माणसाला मी दोन दिवस संवाद शिकवत होते. आम्ही प्रत्येक मशीनला एक पाटी आणि खडू बांधला, तक्रारी लिहिल्या जायला लागल्या.

म्हणून तुला कळकळीने सांगते, इंटर्नशिपला गेलीस की पहिल्याच दिवशी तो एक ते पाचवाला गुगल फॉर्म फिरवू नकोस. लोक सगळीकडे चार टिक करतात कारण फॉर्म एचआरकडून आलाय. पहिला आठवडा नुसती बघ, कोण कोणाला विचारून काम करतं, साहेब केबिनमध्ये असताना कोण गप्प होतं, चहाला कोण कोणाबरोबर जातं, आणि रोज रात्री वहीत लिही, जे दिसलं ते वेगळं आणि तुला जे वाटलं ते वेगळं. फॉर्म नंतर कर, तेव्हा प्रश्न तुझे असतील. आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर अजिबात टाळू नकोस, मी टाळला होता आणि नंतर नोकरी सांभाळून शिकताना फार जड गेलं.

विषय बदलायचा फॉर्म भरायला अजून मुदत आहे म्हणतेस ना, मग इंटर्नशिपचा पहिला आठवडा होऊ दे. रविवारी वही घेऊनच फोन कर, साडेअकरानंतर मी मोकळी असते.