भरल्या बांधीतले तुडतुडे फवारूनही का वाढतात?

आपला प्रश्न असा आहे की, रामटेककडील धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) रोवणीपासून पाणी भरलेलेच आहे, बुंध्याशी तपकिरी तुडतुडे दिसल्यावर सायपरमेथ्रिन दोनदा फवारले, तरी ते वाढतच आहेत. आता कोणते औषध घ्यावे? मी नागपूरला राहत असलो तरी घरचे धान मौद्याकडे आहे, आणि माझे मत असे की, औषध ठरवण्याआधी बांधीतले पाणी काढावे.

हे तुडतुडे पानांवर क्वचितच असतात. ते पाण्याच्या जरा वर, बुंध्याला चिकटून रस शोषतात, आणि दाट रोवणी, जास्तीचा युरिया व साचलेले पाणी यांमुळे तेथे होणारा दमटपणा त्यांना चांगलाच मानवतो. वरून मारलेला फवारा तेथवर फारसा पोहोचत नाही, पानाच्या आवरणात घातलेली अंडी शाबूत राहतात आणि मरतात ते बहुधा तुडतुडे खाणारे कोळी व त्यांची अंडी खाणारे मिरीड ढेकूण. सायपरमेथ्रिनसारख्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनंतर तुडतुडे उलट वाढतात, हे भातसंशोधनात जुनेच निरीक्षण आहे. इंडोनेशियाने तर याच अनुभवामुळे १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

धुऱ्यावरून (बांधावरून) अंदाज बांधू नका. बांधीच्या मधोमध जाऊन एकेक चूड (एका जागी रोवलेल्या रोपांचा झुबका) किंचित वाकवून बुंध्यावर थाप मारा आणि पाण्यावर काय पडते ते पाहा: तपकिरी, तिरके चालणारे बारीक किडे मोजा, त्याचबरोबर कोळीही मोजा. सरासरी चुडामागे दहाच्या आसपास तुडतुडे असतील आणि कोळी नगण्य असतील, तरच औषधाचा विचार करावा. तोवर तीन-चार दिवस पाणी काढून ठेवावे, मात्र धान निसवत (लोंब्या बाहेर पडत) असेल तर चिखल वाळू देऊ नये. अडचण अशी की आपल्याकडे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते, त्यामुळे शेजाऱ्याशी आधी बोलावे लागते, आणि फवारणीपेक्षा हेच काम जड जाते.

पाणी काढणे हा सर्व किडींवरचा उपाय मात्र नाही. पानाच्या तुकड्याची सुरळी करून पाण्यावर तरंगणाऱ्या अळीलाही कोरडी बांधी सोसत नाही, पण लष्करी अळी दिसली तर उलट पाणी भरावे, म्हणजे बुंध्याशी व ढेकळांत लपलेल्या अळ्या वर येतात आणि पक्षी त्यांना टिपतात.

फवारावेच लागले तर पायमेट्रोझिन ५० टक्के, एकरी १२० ग्रॅम, नोझल बुंध्याकडे धरून वापरावे. या औषधाने किड्याचे रस शोषणे थांबते, पण तो लगेच मरत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तुडतुडे जिवंत दिसले म्हणून लागलीच दुसरी फवारणी करू नये.